परम ८०००: प्रक्रियांमधील संवादाची गोष्ट

१/ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हवामानाच्या अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने मागितलेले मोठे ‘क्रे’ यंत्र नाकारले. त्याहून लहान यंत्र दिले, तेही कडक अटींवर. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सी-डॅक’ ही संस्था उभी राहिली.

२/ एकच अतिवेगवान प्रोसेसर घडवण्याऐवजी अनेक छोट्या प्रोसेसरांत काम वाटून देण्याचा मार्ग संस्थेने निवडला. त्यातून नवा प्रश्न उभा राहिला: गणिताचा एक तुकडा सोडवणाऱ्या प्रक्रियेने आपले उत्तर दुसरीला कळवायचे कसे?

३/ एकाच यंत्रापुरते याचे उत्तर युनिक्सने आधीच दिले होते. डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहावरून केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ‘पाइप’ हा सिस्टिम कॉल आणला. एका प्रक्रियेला दुसरीच्या स्मृतीत हात घालता येत नाही. म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टिमकडे मजकूर सोपवते, दुसरी तो तिच्याकडून घेते. पाइप भरला की लिहिणारी थांबते, रिकामा झाला की वाचणारी. १९८३ मध्ये बर्कलीच्या युनिक्समधील ‘सॉकेट’मुळे असा संवाद वेगवेगळ्या यंत्रांमध्येही होऊ लागला.

४/ पण प्रत्येक कॉलला ऑपरेटिंग सिस्टिमचा उंबरठा ओलांडावा लागतो आणि मजकुराची नक्कल करावी लागते. संदेश असंख्य असतील, तर आकडेमोडीपेक्षा निरोपातच अधिक वेळ जातो.

५/ पुण्याने निवडलेल्या ब्रिटिश ‘इनमॉस’ कंपनीच्या ट्रान्सप्युटरमध्ये यावर उपाय होता. संदेश पाठवण्याच्या व घेण्याच्या आज्ञा प्रोसेसरमध्येच होत्या आणि शेजाऱ्यांशी जोडणारे चार दुवे चिपवरच होते. मुळाशी टोनी होअर यांचा १९७८ चा सिद्धान्त होता: देणारा आणि घेणारा दोघेही तयार झाल्याशिवाय देवघेव होत नाही. १९९१ मध्ये असे ६४ प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ साकारला.

६/ या शिस्तीत धोकाही होता. दोन प्रक्रिया एकमेकींच्या निरोपाची वाट पाहत राहिल्या, तर संपूर्ण गणित ठप्प होते. त्यामुळे यंत्राइतकेच महत्त्व ‘पारस’ या सोबतच्या आज्ञावली-संचाला होते.

७/ पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला. १९९४ च्या ‘परम ९०००’मध्ये स्पार्क प्रोसेसर आले, त्याच वर्षी संदेश-देवघेवीचे ‘एमपीआय’ हे मानकही जगापुढे आले. प्रोसेसर बदलत गेले, पण काम वाटून निरोपांनी जोडण्याची रीत आजच्या महासंगणकांतही टिकून आहे.