दीनबंधू अँड्रूज आणि गिरमिटाची बेडी

१८७९ साली ‘लिओनिडास’ हे जहाज हिंदी मजुरांची पहिली तुकडी घेऊन फिजी बेटांना लागले. पुढे १९१६ पर्यंत साठ हजारांहून अधिक स्त्रीपुरुष कलकत्ता व मद्रास या बंदरांतून त्या बेटांवर गेले. पाच वर्षे मळ्यात राबण्याचा जो करार त्यांच्याकडून लिहून घेतला जाई, त्या ‘अ‍ॅग्रीमेंट’चे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः ‘गिरमिटिये’ ठरले. पुरुषाला दिवसाकाठी एक शिलिंग, स्त्रीला नऊ पेन्स. कामात कसूर झाली तर दंड किंवा तुरुंग. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया, असे प्रमाण ठरलेले असल्यामुळे संसाराची घडीही नीट बसत नसे. हे सारे कायदेशीर होते. आणि ज्यांच्या सत्तेखाली ते चाले, ते राज्यकर्ते दर रविवारी ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना करीत. ही विसंगती ज्यांच्या जिव्हारी लागली, त्यांत चार्ल्स फ्रियर अँड्रूज हे इंग्रज धर्मोपदेशक अग्रभागी होते.

अँड्रूज यांचा जन्म १८७१ सालचा. केंब्रिजचे शिक्षण संपवून, धर्मदीक्षा घेऊन ते १९०४ साली दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अध्यापक म्हणून आले. तेथील प्राचार्यपद इंग्रजाकडे न जाता सुशीलकुमार रुद्र या हिंदी सहकाऱ्याकडे जावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि १९०६ साली तसेच घडले. बंधुत्वाचा उपदेश करणाऱ्याने मानाची जागाही बंधूला दिली पाहिजे, हा त्यांच्या श्रद्धेचा साधा हिशेब होता.

गिरमिट पद्धतीविरुद्ध कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले झगडत होते. नाताळमध्ये मजूर पाठविणे थांबवावे, हा त्यांचा ठराव १९१० साली मान्य झाला; ही पद्धतच नष्ट करावी, हा १९१२ चा ठराव मात्र सरकारी मताधिक्याने फेटाळला गेला. दक्षिण आफ्रिकेत सत्याग्रह पेटला, तेव्हा गोखल्यांच्या सांगण्यावरून अँड्रूज आपले स्नेही पिअर्सन यांच्यासह तिकडे निघाले. १९१४ च्या जानेवारीत दरबानच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी गांधीजींच्या पायांना हात लावला. तेथील गोऱ्या समाजाला हा आपला अपमान वाटला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये त्यांच्या मातोश्री निवर्तल्या; तरी हातचे काम त्यांनी सोडले नाही.

१९१५ साली गोखले दिवंगत झाले, आणि त्याच वर्षी अँड्रूज व पिअर्सन फिजीला पोहोचले. मजुरांच्या कोंदट खोल्यांतून ते हिंडले. मजुरी, शिक्षा, स्त्रियांची विटंबना, आत्महत्या यांची बारकाईने विचारपूस करून त्यांनी अहवाल सिद्ध केला. करुणा पुष्कळांना येते. तिच्यासाठी आकडे जुळवण्याचे रूक्ष काम थोडेच करतात. अहवालातील माहिती सरकारला दृष्टिआड करता येईना. १९१६ च्या मार्चमध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांनी मांडलेला ठराव लॉर्ड हार्डिंज यांच्या सरकारने तत्त्वतः स्वीकारला. तरीही अंमलबजावणीला विलंब लागेल, असा रंग दिसताच अँड्रूज यांनी पुन्हा लोकमत जागे केले. १९१७ साली मजूरभरती थांबली. ते स्वतः दुसऱ्यांदा फिजीला जाऊन आले. आणि १ जानेवारी १९२० रोजी तेथील उरलेले करारही रद्द झाले. फिजीतील हिंदी लोक त्यांना ‘दीनबंधू’ म्हणू लागले.

दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर त्यांनी धर्मोपदेशकाची अधिकृत कर्तव्ये सोडली होती आणि शांतिनिकेतनची वाट धरली होती. काहींना हा धर्मत्याग वाटला. परंतु ख्रिस्तावरील त्यांची निष्ठा अखेरपर्यंत अढळ राहिली. ख्रिस्ताचे आपल्यावर किती ऋण आहे, हे सांगणारा ग्रंथ त्यांनी १९३२ साली लिहिला. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांचे देहावसान झाले. अंगावरचा धर्माधिकाऱ्याचा झगा त्यांनी उतरवला, पण ज्या प्रेमासाठी तो चढवला होता ते त्यांनी मळ्यातल्या मजुराच्या खोलीपर्यंत पोहोचवले. त्यांच्या श्रद्धेची साक्ष त्या रद्द झालेल्या करारपत्रांनी दिली.