दार कोणी ठेवायचे?

व्हिडिओ गेममधले जग खोल्याखोल्यांचे का असते आणि त्या खोल्या दारांनी का जोडलेल्या असतात, याचे ठरलेले उत्तर असे की जुनी यंत्रे दुबळी होती. सगळे जग एकदम पेलणे त्यांना जमत नव्हते, म्हणून त्याचे तुकडे पाडून सांधले गेले. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण काहीही रेखाटावे लागत नव्हते तेव्हाही ही रचना होतीच. गुहा धुंडाळण्याचा नाद असलेले प्रोग्रॅमर विल क्राउदर यांनी १९७६च्या सुमारास केंटकीतल्या मॅमथ केव्हचा एक भाग ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’मध्ये निव्वळ शब्दांत उभा केला. त्यात चित्र एकही नव्हते. होता तो एक तक्ता: कोणत्या ठिकाणी कोणता शब्द टाइप केला की कुठे पोहोचायचे. जाण्याची वाट असली म्हणजे परतीचीही तीच असेल, असे त्या तक्त्यावर बंधन नव्हते. वॉरन रॉबिनेट यांनी ‘अटारी’साठी त्याच प्रेरणेतून केलेल्या ‘ॲडव्हेंचर’मध्ये तीस खोल्या चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवल्या आणि प्रत्येक खोलीसोबत तिच्या चार शेजाऱ्यांची नोंद ठेवली. म्हणजे गेममधले दार भिंतीतले भगदाड होण्याआधी एक नाते होते, आणि ते ठरवणारा माणूस होता.

१९९३च्या ‘डूम’ने हे नाते मोडून दाराला वस्तू केले. तिथे सगळा नकाशा वरून पाहिलेला एकच आराखडा असे आणि दार म्हणजे छत जमिनीला टेकवलेला एक चिंचोळा तुकडा. छत वर सरकले की वाट मोकळी. पण एका खोलीच्या डोक्यावर दुसरी खोली त्या आराखड्यात मावत नसे. डर्बीच्या ‘कोअर डिझाइन’ने १९९६च्या ‘टूम रेडर’मध्ये उलटी वाट धरली, आणि २००० साली त्या मालिकेचा एडिटरच खेळाडूंच्या हाती आल्यावर ती सगळ्यांना पाहता आली. चौकटींच्या जाळीवर खोली आखायची, दुसरी तिला खेटून ठेवायची, सामायिक भिंतीतल्या चौकटी निवडायच्या आणि ‘डोअर’चे बटण दाबायचे. हे दार पडद्यावर दिसत नाही. उघडझाप करणारे लाकडी किंवा लोखंडी दार ही वेगळी वस्तू, ती नंतर आणून बसवायची. दार जमिनीत किंवा छतातही ठेवता येते. पाण्याने भरलेला तलाव ही स्वतंत्र खोली असते आणि त्याचा पृष्ठभाग हे तिचे दार. कॅमेरा आहे त्या खोलीपासून दारादारांतून नजर पोहोचेल तेवढ्याच खोल्या रेखाटल्या जात असल्याने, एकमेकींशी न जोडलेल्या दोन खोल्या नकाशात एकाच जागी असल्या तरी बिघडत नाही.

यावर कोणी म्हणेल की ही शेवटी काटकसरच होती. मूळ प्लेस्टेशनची मुख्य मेमरी अवघी दोन मेगाबाइट होती. कारण मान्य, पण त्याने माणसाचा हात का लागला हे उलगडत नाही. कोणत्या कोपऱ्यातून काय दिसते याचा हिशेब यंत्राला आधीच करता येतो, हे बर्कलीतल्या सेथ टेलर यांच्या १९९२च्या प्रबंधाने दाखवले होते आणि १९९६च्या ‘क्वेक’ने त्याच मार्गाने हाताने दारे ठेवण्याचे काम संपवले. नकाशा तयार झाला की प्रोग्रॅम स्वतःच मोकळ्या जागा हुडकी. गंमत अशी की सरकणारे दार त्याच्या हिशेबात नसेच. ते बंद असले तरी पलीकडची खोली दिसते असेच धरले जाई. नुसत्या काटकसरीचा प्रश्न असता, तर विषय इथे मिटायला हवा होता. पण ‘डूम’ आणि ‘क्वेक’ करणाऱ्या ‘इड सॉफ्टवेअर’च्याच २००४च्या ‘डूम ३’मध्ये नकाशा करणारा पुन्हा चौकटीचौकटीत हाताने अदृश्य पडदे लावताना दिसतो, आणि दार मिटले की पलीकडचे रेखाटन थांबते. हेतू अजूनही वेगाचाच, यंत्र मात्र कितीतरी पटींनी बलवान. भिंतीतली फट यंत्राला सापडते. त्यातली कोणती फट म्हणजे उंबरठा, हे ज्याने खेळ रचला त्यालाच ठाऊक असते.

दुसरा आक्षेप मोकळ्या, अथांग जगांचा: तिथे दारांचे काय काम? पण २००२च्या ‘मॉरोविंड’मध्ये माळरान अखंड असले तरी बहुतेक घरांचे अंतरंग वेगळे साठवलेले असते आणि दाराला पोहोचायचे ठिकाण जोडून द्यावे लागते. क्राउदर यांच्या तक्त्यातली ओळच ती. म्हणून लेव्हल एडिटरचा इतिहास मेमरीच्या आकड्यांवर मोजून भागत नाही. खेळाडूने काय पाहायचे आणि केव्हा, हा निर्णय कोणत्या एडिटरने माणसाकडे ठेवला आणि कोणत्या एडिटरने गणिताकडे सोपवला, हे त्यात आधी नोंदवायला हवे.