चाफा, पारिजात आणि बोगनवेल : शोभेच्या वनस्पतींच्या नावांतील अर्थांतर

वनस्पतींची नावे कोशात स्थिर दिसतात. व्यवहारात मात्र ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर संक्रांत होत असतात. जुना ग्रंथ वाचताना हे ध्यानी न घेतल्यास कालविपर्यासाचा दोष घडतो. तीन परिचित नावांच्या आधारे हा मुद्दा येथे मांडावयाचा आहे.

पहिले नाव चाफा. संस्कृत 'चम्पक', प्राकृत 'चंपय', मराठी 'चांपा', 'चांफा', 'चाफा' ही परंपरा सरळ आहे. मूळ चम्पक म्हणजे पिवळ्या, उग्र सुवासाच्या फुलांचा वृक्ष होय. परंतु देवळाच्या आवारात जाड फांद्यांचे, दुधाळ चिकाचे जे झाड आढळते, त्यासही आपण चाफाच म्हणतो. ते मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. १४९२ मध्ये अमेरिकेचा मार्ग युरोपीयांस खुला झाला; त्यापूर्वीच्या मराठी ग्रंथातील चाफा म्हणजे हे झाड नव्हे. नवागतास 'खुरचाफा', 'देवचाफा' अशी नावे मिळाली. पैकी दुसऱ्याने तर त्याचे परकेपण पुरते झाकून टाकले. उलट, मूळ वृक्ष आज 'सोनचाफा' म्हणून वेगळा सांगावा लागतो. सोन्याची उपमा जुनीच आहे. अमरकोशात चम्पकास 'हेमपुष्पक' हा पर्याय आहे. मात्र जे पूर्वी केवळ वर्णन होते, ते आता व्यवच्छेदक विशेषण झाले आहे. हिरवा चाफा, नागचाफा, भुईचाफा ही नावे पाहता 'चाफा' हे एका वृक्षाचे नाव न राहता सुवासिक फुलांचे जातिनाम बनले, असे म्हणावे लागते.

पारिजाताची गोष्ट निराळी आहे. अमरकोशात तो देववृक्षांत येतो आणि वनौषधिवर्गात पारिभद्र व मंदार यांच्या पंक्तीस, म्हणजे तांबड्या फुलांच्या पांगाऱ्याच्या अर्थी, येतो. मराठीत मात्र केशरी देठाच्या शुभ्र फुलांची शेफालिका 'पारिजातक' ठरली. स्वर्गातून वृक्ष आणल्याची कथा नावाबरोबरच तिच्याकडे आली. 'प्राजक्त' हे रूप संस्कृत भासते; तथापि ते 'पारिजातक' या शब्दापासून मराठीत घडलेले आहे.

बोगनवेलीत अर्थ नव्याने निर्माण झाला. १७६७ मध्ये रिओ दि जानेरो येथे फिलिबेर कोमेरसाँ यांनी ही वनस्पती गोळा केली; तिला नाव मिळाले ते त्यांच्या सफरीचे प्रमुख बूगँव्हिल यांचे. त्या आडनावातील 'व्हिल' म्हणजे गाव. मराठी कानाने तेथे 'वल्ली'पासून आलेला 'वेल' ऐकला. वनस्पती वेलवर्गीय असल्याने ही लोकव्युत्पत्ती सहज रुजली आणि शब्दास स्त्रीलिंगही लाभले. 'बोगन' एवढाच अंश निरर्थक उरला.

सारांश, व्युत्पत्तीने शब्दाची ओळख पटते, झाडाची नव्हे. ती पटविण्यास ग्रंथातील रंग, गंध, ऋतू व चीक यांचे उल्लेखच प्रमाण मानले पाहिजेत. असे उल्लेख नसतील तेथे टीपकाराने मूळ शब्द तसाच ठेवावा. आपल्या अंगणातील झाड त्यावर लादू नये.