दोन रायफली आणि एक न मोजलेला गुण

दोन शस्त्रांची तुलना करावयाची झाल्यास ती कोणत्या मापांनी करावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. माप ठरविणारा मनुष्य पुष्कळदा नकळत निकालही ठरवून जातो. गेली पंचवीस वर्षे जगभरचे तरुण एके-४७ आणि एम-४ या दोन रायफलींची तुलना मोठ्या हिरिरीने करीत आले आहेत. त्यांतील बहुतेकांनी यांपैकी एकही रायफल कधी हातात धरलेली नाही. त्यांची ओळख झाली ती संगणकाच्या पडद्यावर, ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाच्या खेळात.

या खेळाचा जन्म १९९९ सालचा. मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या आधीच्या खेळात फेरबदल करून तो रचला. पुढे तो व्हॉल्व्ह कंपनीच्या हाती गेला, २००० मध्ये बाजारात आला आणि २०१२ व २०२३ मध्ये त्याच्या मोठ्या नव्या आवृत्त्या निघाल्या. स्पर्धेत पाच-पाच जणांचे दोन पक्ष असतात. एक दहशतवाद्यांचा, दुसरा त्यांना रोखणाऱ्यांचा. प्रत्येक फेरीच्या आरंभी खेळाडूने आपल्या गाठीच्या पैशांतून शस्त्र विकत घ्यावयाचे असते. एके-४७ पहिल्या पक्षालाच विकत मिळते, एम-४ दुसऱ्यालाच. पडलेल्या शत्रूची रायफल मात्र कोणालाही उचलता येते.

२०१२ च्या आवृत्तीत एके-४७ ची किंमत २७०० डॉलर, तर एम-४ ची ३१०० डॉलर ठेवलेली होती. प्रत्येक खेळाडूचे प्राण १०० गुणांचे. शिरस्त्राण घातलेल्या शत्रूच्या मस्तकावर जवळून एके-४७ ची एक गोळी बसली, तर १११ गुणांची हानी होते आणि तो तत्क्षणी पडतो. एम-४ ची तशीच गोळी ९२ गुणांवर थांबते. शत्रू आठ गुणांनिशी उभा राहतो, आणि त्या आठ गुणांच्या बळावर उलट गोळी झाडतो. उलटपक्षी एम-४ चा धक्का आवरावयास सोपा आणि नेम अधिक स्थिर. २०१३ मध्ये तिची सायलेन्सर लावलेली भावंड आली. तिच्यात वीसच गोळ्या, पण आवाज दबलेला. यांपैकी एखादी रायफल फार वरचढ ठरू लागली की खेळाचे कर्ते तिचे आकडे बदलतात, आणि वाद पुन्हा नव्याने सुरू होतो. किंमत, हानी, नेम, धक्का, गोळ्यांची संख्या ही झाली या तुलनेची मापे. या दोन रायफलींचा खरा लौकिक मात्र या यादीत नसलेल्या एका गुणाने ठरला.

एके-४७ चा जनक मिखाईल कलाश्निकोव्ह हा सोव्हिएत सैन्यातील रणगाड्यावरचा सैनिक. १९४१ मध्ये ब्रियान्स्कच्या लढाईत तो जखमी झाला आणि त्यानंतर शस्त्ररचनेकडे वळला. त्याची रायफल १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने स्वीकारली. तिचे हलणारे भाग मुद्दाम सैलसर बसविलेले होते. त्यामुळे चिखल, वाळू वा काजळी आत शिरली तरी यंत्र सहसा अडत नसे. अचूकतेचा थोडा बळी देऊन तिने भरवसा मिळविला. एम-४ ही अमेरिकन सैन्याने १९९४ मध्ये स्वीकारलेली आखूड रायफल. तिची पूर्वज म्हणजे यूजीन स्टोनर याच्या आराखड्यावरून तयार झालेली एम-१६. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा आणि कृत्रिम पदार्थांचा वापर करून घडविलेली ही रायफल हलकी, नेमकी आणि काळाच्या पुढची होती.

दोघींची गाठ व्हिएतनाममध्ये पडली. एम-१६ तेथे पोहोचण्यापूर्वी तिच्या काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता. नळीतील कोठ्याला क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता, आणि ही रायफल साफ करण्याची फारशी गरज नाही अशी समजूत पसरल्यामुळे सफाईचे साहित्यही पुरेसे दिले गेले नाही. दमट हवेत कोठा गंजे, काजळी साचे आणि झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी आतच घट्ट बसे. ती काढावयाची तर नळीच्या तोंडातून गज घालून मागे ठोकावी लागे, तीही शत्रूच्या गोळ्या येत असताना. सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतून ही वार्ता मायदेशी पोहोचली. १९६७ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीने चौकशी करून सैन्याच्या कारभारावर कठोर ठपका ठेवला. त्यानंतर मुलामा आला, गज आले, सफाईचे शिक्षण आले आणि रायफल सुधारली. पण ती अडली असताना जे पडले, ते पडलेच.

खेळातील रायफल कधीही अडत नाही. यात खेळाच्या कर्त्यांचा दोष नाही. खेळात प्रत्येक पराभव खेळाडूचा स्वतःचा असावा लागतो. नेम चुकला, धीर सुटला, पैसा उधळला, म्हणून तो हरला पाहिजे. हातातले हत्यार अकारण बंद पडल्याने कोणी हरू लागला तर स्पर्धेला अर्थ उरणार नाही. त्यामुळे तेथे दोन्ही रायफली सारख्याच विश्वासू आहेत. युद्धात मात्र कारखान्यातील काटकसर, कचेरीतील घाई आणि एका चुकीच्या समजुतीची किंमत दूर रानात बसलेल्या विशीतल्या पोराला मोजावी लागते.

हा विश्वासूपणा देखील निखळ सद्गुण नव्हे. जी रायफल सहज वापरता येते आणि सहसा अडत नाही, ती कोणाच्याही हाती तितक्याच इमानाने चालते. महाराष्ट्राने हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पाहिले. मुंबईत शिरलेल्या हल्लेखोरांच्या हाती याच घराण्यातील रायफली होत्या. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्यापाशी केवळ एक लाठी होती. त्यांनी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या स्वतःच्या अंगावर झेलल्या. म्हणूनच त्यांच्या सहकाऱ्यांना तो जिवंत पकडता आला. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. कोणत्याही मापाने त्या झुंजीत समतोल नव्हता. रायफल अडली नाही, आणि तरी ती हरली.

कलाश्निकोव्ह २०१३ मध्ये वारला. अखेरच्या काळात त्याने रशियन धर्मगुरूंना लिहिलेले एक पत्र पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाले. आपल्या रायफलीने इतके जीव घेतले, तर त्या मृत्यूंचा दोष आपल्याकडे येतो काय, हा प्रश्न त्यात एका वृद्ध माणसाने विचारला होता. आयुष्यभर त्याने एकच गुण साधला होता, तो म्हणजे हत्याराने दगा देऊ नये. आणि त्याच गुणाने शेवटी त्याची झोप उडविली.

पडद्यावर आठ गुणांचा हिशेब मांडणाऱ्या तरुणांनी तो खुशाल मांडावा. त्या हिशेबात कौशल्य आहे, आणि रक्त नाही, ही गोष्टही लहान नव्हे. परंतु एके-४७ श्रेष्ठ की एम-४, या प्रश्नाचे जे उत्तर तेथे मिळते ते त्या खेळाच्या आकड्यांचे उत्तर आहे, इतिहासाचे नव्हे. इतिहासाला विचारले, तर तो प्रथम अडकलेली पुंगळी दाखवील, आणि मग चौपाटीवर ती नळी धरून ठेवणारे दोन हात.