टोल एकदाच, फेऱ्या कितीही

मोकळ्या शहरात वाटेल तिकडे गाडी हाकायची आणि मनात येईल तिथे शर्यत लावायची, असे व्हिडिओ गेम आले कुठून? विचारले तर बहुतेक जण दोन नावे घेतात. एक 2001चा 'द फास्ट अँड द फ्युरिअस' हा सिनेमा आणि दुसरे त्याच वर्षी प्लेस्टेशन 2वर आलेला 'ग्रँड थेफ्ट ऑटो 3'. सिनेमाने रस्त्यावरच्या बेकायदा शर्यतींना झगमगाट दिला, गेमने शहर मोकळे केले आणि 2004मध्ये 'नीड फॉर स्पीड: अंडरग्राउंड 2'ने दोहोंची मोट बांधली, अशी ही सोपी वंशावळ. ती तारखांपाशीच अडखळते. भटकता भटकता समोर दिसलेल्या गाडीला जागच्या जागी आव्हान द्यायचे, हा या खेळाचा गाभा मानला तर तो 1999मध्येच सेगाच्या ड्रीमकास्टवर 'शुतोको बॅटल' या जपानी गेममध्ये जवळपास पूर्ण घडलेला दिसतो. अमेरिकेत तोच 'टोकियो एक्स्ट्रीम रेसर' झाला. माझ्या मते या खेळाचा उगम हॉलिवूडमध्ये शोधण्यापेक्षा टोकियोच्या टोलनाक्यावर शोधावा.

टोकियोच्या शुतो एक्सप्रेसवेचा पहिला टप्पा डिसेंबर 1962मध्ये खुला झाला. 1964चे ऑलिंपिक तोंडावर आले होते आणि दाट वस्तीत जागा मिळणे मुश्कील होते. भूसंपादन म्हणजे काय दुखणे असते हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको. जपानी अभियंत्यांनी त्यावर तोड काढली ती पाण्याची: रस्ता खांबांवर उभा करून नद्या-कालव्यांवरून न्यायचा, काही ठिकाणी तर कालवा कोरडा करून थेट त्याच्या पात्रातून. देशभरातली अंतरे ज्या निहोनबाशी पुलापासून मोजतात, त्या पुलाच्या डोक्यावरही असाच एक्सप्रेसवे आला. पाण्याची वाट धरल्यामुळे रस्ताही पाण्यासारखाच वळत गेला. शाही राजवाड्याभोवतीचे सी-वन हे वर्तुळ सुमारे 15 किलोमीटरचे. प्रत्येक दिशेला जेमतेम दोन लेन, खांद्याला खांदा लावून भिंती, आणि काही ठिकाणी बाहेरच्या गाड्या चक्क उजवीकडून, म्हणजे वेगवान लेनमध्येच येऊन घुसतात. त्यात टोलची गंमत अशी, की 2012पर्यंत तो किलोमीटरवर नव्हताच. आत शिरताना ठरलेली रक्कम एकदा भरली, की खाली उतरेपर्यंत फेऱ्या कितीही मारा. रात्री रस्ता रिकामा झाला की हौशी चालक नेमके तेच करत, आणि जपानमध्ये त्यांना 'रुलेट टोळी' असेच नाव पडले.

अशा रस्त्यावर शर्यत कशी लावणार? थांबायला जागा नाही, म्हणून सुरुवातीची रेघ नाही. वाट गोल, म्हणून शेवटचीही नाही. आव्हान चालत्या गाडीतूनच द्यायला हवे आणि निकालही चालत्या गाडीतच लागायला हवा. गेन्की कंपनीच्या 'शुतोको बॅटल'मध्ये नियम नेमके असेच आहेत. रात्री सी-वनवर फिरत राहायचे, प्रतिस्पर्धी दिसला की मागे जाऊन डिपर मारायचा, की त्या क्षणी शर्यत सुरू. पडद्याच्या वरच्या बाजूला दोघांच्या दोन पट्ट्या दिसतात, मारामारीच्या गेममध्ये असतात तशा. मागे पडलात किंवा भिंतीला घासलात की पट्टी आटत जाते. ज्याची आधी संपली तो हरला. रेघ नसलेल्या शर्यतीचा निकाल लावायची इतकी चपखल युक्ती पुढे फार थोड्या गेमना साधली.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सगळे यंत्राच्या तुटपुंजेपणामुळे झाले. ड्रीमकास्टची मुख्य मेमरी 16 एमबी. दोन भिंतींमधला रस्ता दाखवणे पूर्ण शहर दाखवण्यापेक्षा कितीतरी सोपे. खरेच आहे. पण यंत्राची मर्यादा फार तर रस्ता बंदिस्त का, एवढेच सांगते. शर्यत मेन्यूतून का सुरू होत नाही, हे सांगत नाही. त्याच यंत्रावरचे इतर रेसिंग गेम खुशाल मेन्यूतूनच सुरू होत होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाहेर पडताच येत नाही अशा वर्तुळाला मोकळे जग म्हणायचे कसे? 1986मध्ये ब्रिटनच्या 'टर्बो एस्प्रिट'ने झेडएक्स स्पेक्ट्रमसारख्या चिमुकल्या संगणकावर सिग्नलसकट शहर उभे केले होते, आणि 1999मध्येच कॅलिफोर्नियाच्या एंजल स्टुडिओजने 'मिडटाऊन मॅडनेस'साठी शिकागोचे मोकळे रस्ते पीसीवर आणले होते. शहराचे श्रेय त्यांचेच, ते कुणी नाकारू नये. मात्र 'मिडटाऊन मॅडनेस'मध्ये शर्यत यादीतून निवडावी लागे. याच एंजल स्टुडिओजचा पुढचा गेम 2000च्या ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन 2सोबतच अमेरिकेत आला. त्यात न्यूयॉर्क आणि लंडनच्या रस्त्यांवर फिरणारा प्रतिस्पर्धी आधी शोधायचा, मग त्याचा पाठलाग करायचा. गेमचे नाव 'मिडनाईट क्लब', आणि ते टोकियोच्या एक्सप्रेसवेवर दंतकथा होऊन बसलेल्या टोळीच्या नावाशी जुळणारे. अमेरिकी शहर आणि जपानी रिवाज यांची गाठ इथे पडली, सिनेमा पडद्यावर येण्याच्या आधी.

पुढची साखळी त्या मानाने सरळ आहे. 'अंडरग्राउंड 2'मध्ये बेव्ह्यू शहरात फिरणाऱ्या गाडीच्या मागे लागून बटण दाबले, की शर्यत सुरू होते आणि ठरावीक अंतराने पुढे निघून गेलात की जिंकलात. शेवटची रेघ इथेही नाही. 2006च्या 'टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड'ने हवाईचे ओआहू बेट मांडले आणि तिथे इंटरनेटवरून खेळणाऱ्या दुसऱ्या माणसाला आव्हान द्यायचे ते डिपर मारूनच. ओआहूवर ना रुलेट टोळी, ना एकरकमी टोल. तरीही खूण तीच राहिली.

अर्थात सगळेच गेम या घराण्यातले नाहीत. ब्रिटनच्या क्रायटेरियनने 2008मध्ये 'बर्नआउट पॅराडाइज' आणला. त्यात चौकातल्या सिग्नलला थांबून ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबले, की शर्यत सुरू. हा अमेरिकी रिवाज, लाल दिव्याशी शेजारच्या गाडीकडे बघून इंजिन गुरगुरवण्याचा. सुरुवातीला त्यात हरलेली शर्यत पुन्हा सुरू करायची सोय नव्हती. पुन्हा खेळायची तर गाडी चालवत त्याच चौकात परत जा. खेळाडूंनी कुरकुर केली आणि नंतरच्या अपडेटमध्ये ती सोय आली. गेन्कीच्या वर्तुळावर हा प्रश्न कधी आलाच नसता, कारण तिथे पुढची फेरी चालूच असायची.