मुलांच्या हातांचा मोकळा तास



ज्ञानदेवांनी वेद बोलविलेल्या रेड्याची समाधी परंपरेने ज्या आळे गावात दाखविली जाते, तेथे पाठांतराचे माहात्म्य मी सांगावयास नको. मी बोलणार आहे ते मुलांच्या हातांविषयी. माझे शिक्षण शाळेत थोडे व कारखान्याच्या फाटकावर अधिक झाले; तेव्हा या विषयाकडे मी कामगाराच्या डोळ्यांनी पाहिले, तर आपण क्षमा कराल.

मुलाला रिकामा वेळ आपोआप मिळतो, असे आपण समजतो. इतिहास तसे सांगत नाही. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांस मज्जाव केला आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. नऊ तास ही सुधारणा होती. यावरून आधीच्या स्थितीची कल्पना यावी! त्या मुलाने मातीचा बैल करावयाचा केव्हा? नारायण मेघाजी लोखंडे आठवड्याच्या सुट्टीसाठी झगडले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ मध्ये कामाचे किमान वय नऊ व तास सात झाले. १९२२ मध्ये वय बारा व तास सहा. १९४८ मध्ये वय चौदा. मुलाचा मोकळा वेळ असा तासातासाने सोडवून आणलेला आहे.

रानात गुरे राखणाऱ्या मुलाला मात्र या कायद्याचा उपयोग नव्हता. त्याची आठवण ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठेवली. १९४५ मध्ये बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, पाने, खडे मुलांच्या हाती दिले. गुराख्यांसाठी शाळाच कुरणात नेली.

आपल्याकडे हे काम दिवाळीचा किल्ला करीत आला. समोर शिवनेरी, अंगणात दगड, माती, गोणपाट. त्याला परीक्षा नाही, गुण नाहीत. लहानपणी माझा बुरूज तीनदा ढासळला. चौथ्यांदा मी चिखलात गवत कालविले आणि तो उभा राहिला. कोणी शिकविले नव्हते. मजुरीहून परतलेली आई चिखल पाहून रागावली, पण तिने किल्ला मोडला नाही. पुढे संघटना बांधताना मला पुस्तकांपेक्षा तो बुरूज अधिक उपयोगी पडला.

आणि मी काय केले? सभांच्या धावपळीत माझ्या मुलाला दोन शिकवण्या लावल्या व बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणला. त्याने मावळे मांडले आणि दहा मिनिटांत उठला. दोष त्याचा नव्हता; करावयाचे काही मी शिल्लकच ठेवले नव्हते.

कोणी म्हणेल, एका खोलीच्या बिऱ्हाडात जागा कोठे? प्रश्न खरा आहे. पण जुने पोते पसरले की जागा होते व तास संपल्यावर ते गुंडाळता येते. त्यावर माती, रद्दी, चिंध्या, डिंक ठेवावा. काय करावे हे सांगू नये, बक्षीसही लावू नये. वाकडे झाले तर वाकडे राहू द्यावे.

मित्रहो, जो तास आपल्या वाडवडिलांनी मालकांशी भांडून मिळविला, तो आपणच घरात बसून मुलांकडून काढून घेऊ नये, एवढेच माझे मागणे आहे.