ब्रेक दाबला की कार एका बाजूला ओढते? दोष असा शोधा

ब्रेक दाबल्यावर कार एका बाजूला ओढत असेल, तर लगेच अलाइनमेंट करायला धावू नका. मी आधी टायर थंड असताना पुढच्या दोन्ही टायरची हवा मोजतो. हवा कमी असेल त्या बाजूला गाडी जाते.

मग मोकळ्या, सपाट रस्त्यावर ब्रेक न लावता हळू चालवून बघतो. तरीही ओढत असेल, तर अलाइनमेंट किंवा टायर तपासा. आपले रस्ते कडेला उतरते असतात, म्हणून किंचित डावीकडे जाणं चालतं.

फक्त ब्रेक लावल्यावरच ओढतेय? मग संशय पुढच्या ब्रेकवर. गाडी उजवीकडे गेली, तर डावा ब्रेक कमी धरत असू शकतो: कॅलिपर जाम किंवा पॅडवर तेल. थोडं चालवून, गाडी थांबवून दोन्ही चाकांजवळ हात न्या. डिस्कला लावू नका, भाजेल. एक चाक जास्तच तापलं असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाहीये. ब्रेक ठीक निघाले, तर लोअर आर्मचे बुश बघायला सांगा.

पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. ओढ जोरात असेल, तर गाडी चालवू नका, मेकॅनिकलाच बोलवा.